अस्सल गाडी आणि हवेची उशी

जुन्या अमेरिकन मोटारींचा विषय निघाला की आपल्याकडचे बोलणे संस्थानिकांकडे, सिनेनटांकडे आणि गाडीच्या पाठीमागच्या पंखांकडे वळते. गाडीच्या पोटाखाली काय आहे, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. वास्तविक साडेपाच मीटर लांबीचे आणि दोन टनांहून अधिक वजनाचे हे धूड रस्त्यावरून जाताना आतल्या माणसाला धक्का लागू न देण्याची सगळी किमया त्या पोटाखालीच असते. या किमयेचा एक अध्याय हवेचा आहे. पोलादी स्प्रिंगा काढून त्यांच्या जागी हवा भरलेल्या रबरी पिशव्या बसवायच्या, मागच्या डिकीत कॉम्प्रेसर आणि टाकी ठेवायची, आणि कळ दाबताच गाडी उचलायची किंवा जमिनीलगत टेकवायची, ही हौस आता जगभरच्या जुन्या मोटारींच्या शौकिनांत रुळली आहे. या हौशीमागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे. शिवाय तिने एक जुना प्रश्न नव्याने उभा केला आहे : जपलेली वस्तू अस्सल कधीपर्यंत राहते?

या प्रश्नाकडे मावळातल्या सुदुंबरे गावातून पाहणे सोयीचे आहे. सुदुंबरे म्हणजे संताजी महाराज जगनाडे यांच्या समाधीचे गाव. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून वारकरी परंपरा संताजींना ओळखते. याच गावात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचा तळ आहे. कोसळलेल्या इमारतीचा स्लॅब उचलायला अशी पथके हवेच्या चपट्या पिशव्या वापरतात. तोच हा सिद्धांत : बंदिस्त हवा वजन पेलते. आणि जवळच, तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत, जनरल मोटर्सचा कारखाना होता. हवेवर चालणारी मोटार अमेरिकेत बाजारात आणणारी कंपनी तीच. म्हणजे लेखणी, हवा आणि मोटार या तिन्ही गोष्टी इथे काही मैलांच्या आत भेटतात.

शिवडीतली खोकी

जनरल मोटर्सचे आणि महाराष्ट्राचे नाते तळेगावपेक्षा बरेच जुने आहे. १९२८ साली या कंपनीने मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. बंदरात सुट्या भागांची लाकडी खोकी उतरत आणि त्यांतून शेव्हरोले गाड्या उभ्या राहत. फोर्डनेही मुंबईत जोडणी सुरू केली. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डी-सोटो या गाड्या रस्त्यावर आणल्या. मुंबईच्या ‘बड्या टॅक्सी’ याच घराण्यातल्या.

या गाड्यांना मऊपणा होता, पण तो पोलादाचा होता. पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि मागे कमानपाटे, अशी त्यांची सर्वसाधारण रचना. मुंबई-पुणे रस्त्यावर ती कसाला लागत असे. बोरघाटातून चाकाच्या वाहनांसाठी रस्ता खुला झाला तो १८३० साली, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत. त्याआधी घाट चढायचा तर माल बैलांच्या पाठीवरून आणि धनिक माणूस पालखीतून जाई. पालखी ही धक्का न लागू देणारी फार उत्तम व्यवस्था होती. फक्त तो धक्का दुसऱ्याच्या खांद्यात जिरत असे. चाक आले तेव्हा खांद्याचे काम पोलादाकडे गेले.

पुढे धोरण बदलले. ज्यांच्याकडे देशात गाडी बनवण्याचा कार्यक्रम नाही, नुसती जोडणी आहे, त्यांना पुढे वाव नाही, अशी दिशा १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर ठरली. फोर्डने काम थांबवले आणि १९५४ मध्ये शिवडीची जोडणीही बंद झाली. हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण अमेरिकन मोटारीला हवेची उशी मिळाली ती यानंतर तीनच वर्षांनी. आपल्याकडे राहिलेल्या बहुतेक अमेरिकन गाड्या त्यामुळे हवेपूर्वीच्या काळातल्या आहेत. नंतरच्या आल्या त्या थोड्या, वकिलातींच्या आणि विशेष परवान्यांच्या वाटेने.

हवा वजन कशी पेलते

पोलादी स्प्रिंगेची एक अडचण आहे. तिचा कडकपणा कारखान्यात एकदा ठरतो. एकट्या चालकासाठी ती मऊ केली तर सहा माणसे आणि सामान भरल्यावर गाडी बसते. भरलेल्या गाडीसाठी कडक केली तर रिकामी गाडी आपटते. हवेचे तसे नाही. ओझे वाढले की पिशवीत थोडी हवा अधिक भरायची. दाब वाढतो, त्याबरोबर कडकपणाही वाढतो, आणि गाडीची उंची व तिची डुलण्याची लय जवळजवळ पहिल्यासारखीच राहते.

आकड्यांत पाहू. दोन टन चारशे किलोची गाडी चार चाकांवर सारखी वाटली तर एका चाकाच्या वाट्याला सहाशे किलो येतात. पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या पिशवीचे क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोच्या आत-बाहेर दाब पुरतो. पंक्चरवाल्याच्या भाषेत तो पन्नास पौंडांच्या आसपास. प्रत्यक्षात पिशवी चाकापासून आतल्या अंगाला बसते, म्हणून दाब आणखी लागतो; तरी तो साध्या कॉम्प्रेसरच्या आवाक्यातला आहे. कल्पनाही नवी नाही. वाहनासाठी हवेच्या स्प्रिंगेचे पेटंट अमेरिकेत १९०१ मध्येच घेतले गेले होते. अडचण हवा कोंडून ठेवण्याची होती. टिकाऊ रबर आणि भरवशाचे व्हॉल्व्ह मिळेपर्यंत ती सुटली नाही.

दिमाखाची थोडी वर्षे

जनरल मोटर्सने ही रचना आधी प्रवासी बसमध्ये आणली, १९५३-५४ च्या सुमारास. ग्रेहाउंड कंपनीच्या प्रसिद्ध सीनिक्रूझर बस हवेवरच धावल्या. ते यश पाहून १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोअम या गाडीला चारही चाकांवर हवेच्या स्प्रिंगा दिल्या गेल्या. गाडीची किंमत तेरा हजार डॉलरांहून अधिक होती आणि १९५७ व १९५८ या दोन वर्षांत अशा ७०४ गाड्या बनल्या. १९५८ मध्ये शेव्हरोलेपासून ब्यूकपर्यंत कंपनीच्या सगळ्या घराण्यांत ही सोय जादा पैसे भरून मिळू लागली.

आणि लगेच तक्रारी सुरू झाल्या. रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका बाजूला बसलेली आढळे. दाबलेल्या हवेतली वाफ पाणी होऊन साचे आणि थंडीत व्हॉल्व्हमध्ये गोठे. मालक कंटाळले. विक्रेत्यांनी पिशव्या काढून साध्या पोलादी स्प्रिंगा बसवून दिल्या. त्यासाठी तयार संचही निघाले. थोड्याच वर्षांत ही सोय अमेरिकन मोटारींतून जवळपास नाहीशी झाली. फ्रान्समध्ये सित्रोएनने १९५५ च्या डीएस गाडीत वेगळी वाट धरली. तिने वायू एका बंद गोळ्यात कायमचा कोंडला आणि उंची राखण्याचे काम तेलाकडे दिले. ती रचना टिकली. अमेरिकन मोटारीत हवा परतली ती १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनमध्ये, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण हाती आल्यावर.

मोटारीत फसलेली हीच युक्ती बसमध्ये मात्र कधी फसली नाही. त्याची कारणे साधी आहेत. बसला ब्रेकसाठी मोठा कॉम्प्रेसर असतोच. हवा आयती मिळते. रिकाम्या आणि भरलेल्या बसच्या वजनात इतका फरक असतो की हवेचा फायदा रोज दिसतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बस डेपोत जाते. तिथे टाकीतले पाणी सोडणे हे कोणाचे तरी नेमलेले काम असते. श्रीमंताच्या गाडीला तो माणूस नव्हता.

मराठी माणसाला हवेच्या उशीची ओळख झाली तीही बसमधूनच. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्याच सुमारास व्होल्वोच्या बस देशात आल्या आणि एसटीची शिवनेरी दादर-पुणे धावू लागली. थांब्यावर दाराकडची बाजू सुस्कारा टाकून खाली येते, ती याच पिशव्यांतली हवा सोडल्यामुळे. मुंबईच्या लोकलच्या २००७ नंतर आलेल्या नव्या गाड्यांतही हवेच्या स्प्रिंगा आहेत. १९५७ मध्ये ७०४ धनिकांसाठी काढलेली चैन पन्नास वर्षांनी मासिक पासावर मिळू लागली.

कमानपाट्याचे दुहेरी काम

आता जुन्या गाडीत हवा बसवण्याच्या कामाकडे येऊ. पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा असतील तर काम तुलनेने सरळ असते. स्प्रिंग काढायची, तिच्याच बैठकीत पिशवी बसवायची, नळी ओढायची. उद्या मन बदलले तर स्प्रिंग परत जागेवर जाते.

मागे कमानपाटे असतील तर गोष्ट वेगळी. कमानपाटा दोन कामे करतो. तो वजन पेलतो हे दिसते. पण मागचा आस जागेवर धरून ठेवतो तोही तोच. त्याचे एक टोक चासीला खिळलेले असते आणि चाकाची ओढ व ब्रेकचा धक्का त्याच वाटेने गाडीला पोचतो. हवेच्या पिशवीला वजन उचलता येते, आस धरता येत नाही. म्हणून पाटा काढला की आस बांधायला निराळे दांडे लागतात : मागे-पुढे ओढ घेणारे आणि आडव्या सरकण्याला रोखणारे. त्यांच्यासाठी चासीवर नवे कान वेल्डिंग करावे लागतात. इथे साठ-सत्तर वर्षांचे पोलाद कायमचे बदलते. वेल्डिंग चुकले तर घाटाच्या उतारावर त्याची किंमत मोजावी लागते.

कायदाही नेमका इथेच आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करू देत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली खाजगी वाहने ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येतात. मात्र गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा.

अस्सल कशाला म्हणावे?

‘मूळ स्वरूप’ हे शब्द लिहायला सोपे आहेत. पण १९५८ ची एखादी कॅडिलॅक घ्या, जिच्या हवेच्या पिशव्या दोन-तीन वर्षांतच काढून पोलादी स्प्रिंगा बसवल्या गेल्या. आज तिचे मूळ स्वरूप कोणते? कारखान्यातून निघाले ते, की आयुष्यभर वागवले ते? आपल्याकडचा पेच आणखी निराळा आहे. पेट्रोल महागल्यावर इथल्या कितीतरी अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिने बसली. ती हौस नव्हती, गाडी चालती ठेवण्याची धडपड होती. त्या धडपडीला बिघाड म्हणायचे, की तोही इतिहासच?

हा पेच ग्रंथसंपादकांना परिचित आहे. विनायक लक्ष्मण भावे यांनी १९२० च्या सुमारास संताजी जगनाडे यांच्या वहीच्या आधारे तुकोबांचे अभंग छापले, तेव्हा ग्रंथाच्या नावातच ‘अस्सल गाथा’ असे शब्द घातले. गाथेच्या इतर प्रती आणि छापील आवृत्त्या होत्याच. शब्दांत फरक होते. कोणता पाठ खरा, यावर विद्वानांचे वाद झाले. त्या वादांतून संपादनाची एक शिस्त पुढे येते. जुना पाठ पुसायचा नाही. बदल केला तर तो कुठे केला हे सांगायचे. आणि वाचकाला मागे जाण्याची वाट मोकळी ठेवायची.

मोटारीलाही हीच शिस्त लावता येईल. मूळ बैठकीत बसवलेली पिशवी, जपून ठेवलेल्या जुन्या स्प्रिंगा आणि झालेल्या कामाची नोंदवही, हा पाठभेद झाला. चासी कापून केलेला बदल म्हणजे पाठ पुसणे झाले. नियमाचा भरही चासीवरच आहे, हे म्हणून योग्यच वाटते. मात्र परत फिरवता येणारा बदल आणि न फिरवता येणारा बदल यांत त्याने उघड भेद केला असता, तर गाडी जपणाऱ्याला अधिक मदत झाली असती.

नोंदीचा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे. सप्टेंबर २००८ मध्ये तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला, तेव्हा शिवडी बंद होऊन चोपन्न वर्षे झाली होती. २०१७ अखेर शेव्हरोलेची देशातली विक्री थांबली, डिसेंबर २०२० मध्ये उत्पादनही संपले, कामगारांचे रोजगार गेले, आणि जानेवारी २०२४ मध्ये कारखाना ह्युंदाईकडे आला. एकाच कंपनीने एकाच प्रांतात दोनदा दार लावले. कंपन्या जातात तेव्हा यंत्रे विकली जातात, पण कोणता बोल्ट किती आवळायचा हे ज्ञान हातांबरोबर घरी जाते आणि एका पिढीत विसरले जाते. शिवडीत खोकी फोडून गाड्या उभ्या करणारे हात असेच गेले. तळेगावचे हात अजून मावळात आणि चाकणच्या पट्ट्यात आहेत. त्यांच्याकडून ते आताच लिहून घेतले पाहिजे. सुदुंबऱ्याच्या परिसराला लिहून ठेवण्याचे मोल निराळे सांगायला नको.