शक्तिचलित हातहत्यारे व त्यांची सुरक्षितता : उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर परिसर

विजेच्या मोटरीवर किंवा दाबाखालील हवेवर चालणाऱ्या व हातात धरून वापरावयाच्या ड्रिल, ग्राइंडर, करवत इ. साधनांना शक्तिचलित हातहत्यारे म्हणतात. जमिनीवर पक्क्या बसविलेल्या यंत्राभोवती कुंपण घालता येते, हातातील हत्याराभोवती ते घालता येत नाही. ठाणे जिल्ह्यातील या पट्ट्याच्या औद्योगिक इतिहासात हा भेद ठळकपणे दिसून येतो.

भारतातील यंत्रसुरक्षेच्या कायद्यांचा उगम मुंबईच्या कापडगिरण्यांत आहे. तेथील परिस्थितीच्या चौकशीसाठी १८७५ मध्ये आयोग नेमण्यात आला व १८८१ मध्ये पहिला कारखाना अधिनियम संमत झाला. यंत्रांना कुंपण घालणे त्याने बंधनकारक केले. मात्र तो १०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरताच होता. ही मर्यादा १८९१ मध्ये ५०, १९२२ मध्ये २० व १९४८ च्या अधिनियमाने, शक्तीचा वापर असल्यास, १० कामगारांवर आली. दरम्यान हत्यारच कारखान्याबाहेर पडले होते. श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये विजेवर चालणारे हातड्रिल तयार केले. १९१७ मध्ये अमेरिकेत ब्लॅक व डेकर यांना पिस्तुलासारखी मूठ व घोड्याप्रमाणे दाबावयाचा स्विच असलेल्या ड्रिलचे एकस्व मिळाले.

अंबरनाथ येथे १९५३ मध्ये संरक्षण खात्याची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी स्थापन झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) अंबरनाथ व बदलापूर येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. उल्हासनगरची जडणघडण वेगळी आहे. युद्धकालीन कल्याण छावणीत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली व ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. येथे घरालगतच्या गाळ्यांत लाकूडकाम, शिवणकाम इ. लघुउद्योग वाढले. १,००० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद १९७६ मध्ये झाली. पण चार-पाच कारागिरांचा गाळा सामान्यतः कारखान्याच्या व्याख्येबाहेरच राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तर शक्तीचा वापर करणाऱ्या कारखान्याची मर्यादा २० कामगार अशी आहे. त्यामुळे अशा ठिकाणी सुरक्षिततेचा भार हत्याराची रचना, त्याची निगा व कारागिराची सवय यांवर पडतो.

धोक्याचे स्वरूप साध्या गणिताने कळते. १०० मिमी. व्यासाची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेत असता तिच्या कडेचा वेग सेकंदाला सु. ५७ मी., म्हणजे ताशी दोनशे किमी.हून अधिक असतो. चकती फुटल्यास तुकडे याच वेगाने उडतात. म्हणून चकतीवर छापलेली वेगमर्यादा हत्याराच्या वेगापेक्षा कमी नसावी, संरक्षक आवरण काढू नये व चष्मा वापरावा. चकती किंवा ड्रिलचे पाते बदलण्यापूर्वी प्लग काढावा. चकची किल्ली चकमध्ये राहू देऊ नये. फिरत्या ड्रिलजवळ सैल कपडे व हातमोजे घातक ठरतात.

धातूचे कवच असलेल्या हत्यारास तीन तारांची केबल व अर्थिंग आवश्यक असते; दुहेरी निरोधनाच्या हत्यारास अर्थिंग लागत नाही. दोन्ही प्रकारांत ३० मिलिअँपिअर गळतीस प्रवाह तोडणारा स्विच उपयुक्त ठरतो. कार्बन ब्रश झिजताच बदलावे व सोललेली केबल चिकटपट्टीने न जोडता बदलावी. कोकणच्या दमट हवेत निरोधनाची तपासणी महत्त्वाची ठरते. जुलै २००५ मधील पुरासारख्या प्रसंगी भिजलेले हत्यार वरवर कोरडे दिसले, तरी निरोधन मोजल्याखेरीज चालू करू नये.

शिकाऊ मुलगा हे नियम पुस्तकातून नव्हे, तर उस्तादाच्या हाताकडे पाहून शिकतो. ज्या गाळ्यात निरीक्षक येत नाही, तेथे उस्तादाने काढून ठेवलेले आवरण पुढील पिढीही काढूनच ठेवते.