मॅकबेथच्या हातावरचं रक्त आलं कुठून?

‘मॅकबेथ’वर लिहायचं म्हटलं की आपण लगेच प्रतीकांची यादी करतो. रक्त म्हणजे अपराध, झोप म्हणजे निरागसता. चुकीचं नाही, पण एवढ्यावर संशोधन उभं राहत नाही. मी मूळची सायन्सची, त्यामुळे मला आधी हेच सुचतं की तुलना कशाशी करायची? शेक्सपिअरने १६०६च्या आसपास नाटक लिहिताना होलिनशेडचा इतिहास समोर ठेवला होता. आपल्या बखरीसारखाच तो, खरं-खोटं एकत्र. तो शेजारी ठेवून वाचा.

खरा मॅकबेथ तर फारच वेगळा. डंकन १०४० मध्ये लढाईत मारला गेला आणि तो म्हातारा नव्हता. मॅकबेथने पुढे १७ वर्षं राज्य केलं. १०५० मध्ये त्याने रोममध्ये गरिबांना पैसे वाटल्याची नोंद आहे. होलिनशेडकडेही डंकन मऊ राजा आहे. मॅकबेथ त्याला बँकोसकट मित्रांच्या संमतीने मारतो आणि दहा वर्षं कारभार नीट करतो. मनाच्या टोचणीचा उल्लेख येतो तो त्यानंतर, आणि तोही ओझरता.

(नाटकात बँको कटातून का गळला? तेव्हाचा राजा पहिला जेम्स त्याच्या वंशातला मानला जाई. विषय संपला.)

मग पाहुणा राजा, दारू पाजलेले पहारेकरी, भरीला घालणारी बायको, हे सगळं आलं कुठून? त्याच ग्रंथातल्या दुसऱ्याच खुनातून. डॉनवाल्ड नावाचा सरदार बायकोच्या सांगण्यावरून डफ राजाला झोपेत मारवतो. ‘मारवतो’ हा शब्द नीट बघा. गळा कापतात त्याचे नोकर, तो स्वतः हात लावत नाही. झोप उडवणारा रात्रीचा आवाजही तिसऱ्याच राजाचा, पुतण्याला विष देणाऱ्या केनेथचा.

माझ्या मते नाटकातली प्रतीकं इथे जन्माला येतात. शेक्सपिअरने नोकर काढून टाकले आणि सुरी मॅकबेथच्या हातात दिली. हात माखल्याशिवाय धुण्याचा प्रश्नच येत नाही ना! आणि डंकनला वय दिलं, सज्जनपणा दिला, वर घरी आलेला पाहुणा केलं. झोपलेला डंकन वडिलांसारखा दिसतो म्हणून लेडी मॅकबेथचाही हात उचलत नाही. म्हणजे अपराध ठसायला आधी निरागसता घडवावी लागली. ती झोपेतच मारली गेली, म्हणून खुन्याची झोप जाते.

पाण्याचं काय होतं तेही बघा. खुनानंतर मॅकबेथला समुद्रही अपुरा वाटतो. ती म्हणते, थोड्याशा पाण्याने काम होईल. पाचव्या अंकात मात्र तो रक्तपाताला सरावलेला आहे आणि हात चोळत बसलीय ती.

हा झोपेत चालण्याचा प्रवेश होलिनशेडकडे नाहीच. तो पूर्ण शेक्सपिअरचा. सुरुवातीला अंधाराला बोलावणारी ही बाई आता रात्री शेजारी दिवा लागतोच म्हणते. दोन रात्री जागून काहीच न दिसलेला वैद्य तिसऱ्या रात्री तिला बघतो. ती जे बोलेल ते तो टिपून घ्यायला लागतो, आणि शेवटी सांगतो की हा रोग आपल्या विद्येच्या पलीकडचा आहे.