मॉरिशसला कधी जावे? एका बेटाच्या ऋतूंचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचं शीर्षक वाचून काही जणांना वाटलं असेल की हे पर्यटन कंपनीचं माहितीपत्रक आहे. ‘मॉरिशसला कधी जावे?’ हा प्रश्न आज आपण विमानाचं तिकीट काढताना विचारतो. पण चारशे वर्षं हाच प्रश्न खलाशी, सेनापती आणि मळेवाले विचारत आले आहेत. त्यांच्या बाबतीत उत्तर चुकलं तर नुसती सुट्टी वाया जात नसे, जहाजं बुडत, माणसं मरत. म्हणून आज आपण हा प्रश्न इतिहासाला विचारणार आहोत.

आधी थोडा भूगोल. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २० अंशांवर आहे. त्यामुळे तिथले ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, उष्ण आणि दमट. मे ते ऑक्टोबर हिवाळा, कोरडा आणि सौम्य. हिवाळा म्हणजे काही शाल पांघरायची थंडी नव्हे. ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर दुपारी साधारण २४ अंश असतात. वर्षभर आग्नेयेकडून वारा येतो आणि तो हिवाळ्यात जास्त जोरात वाहतो. उन्हाळ्यात, विशेषतः जानेवारी ते मार्च, चक्रीवादळांचा धोका. हे एवढं लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट यावरच चालते.

डच लोक १५९८ च्या सप्टेंबरमध्ये इथे उतरले. ते आले बेटाच्या आग्नेय बाजूला, आज ज्याला ग्रँड पोर्ट म्हणतात तिथे. वारा पाठीशी असल्यामुळे या बंदरात शिरणं सोपं होतं. बाहेर पडणं मात्र कठीण, कारण तोच वारा समोरून येई. म्हणजे कधी जावं याइतकाच कुठल्या बाजूला जावं हाही प्रश्न होता. पुढे फ्रेंच आले, तेव्हा त्यांचा गव्हर्नर माहे द ला बुर्दोने याने १७३५ पासून वायव्येकडचं, वाऱ्याच्या आडोशाचं पोर्ट लुई बंदर उभं केलं. राजधानी तिथे का आहे, याचं मोठं कारण वारा आहे.

वादळाचा धडा डचांना लवकरच मिळाला. त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर जनरल पीटर बोथ जावाहून मायदेशी परतत असताना मार्च १६१५ मध्ये मॉरिशसजवळ वादळात सापडला आणि जहाजासह बुडाला. बेटावरच्या एका उंच डोंगराला आजही त्याचं नाव आहे. डोक्यावर मोठा धोंडा ठेवल्यासारखा दिसणारा हा डोंगर पोर्ट लुईहून दिसतो.

आता कुणी म्हणेल, मग सोपं आहे, हिवाळ्यात जावं! थांबा. १७ ऑगस्ट १७४४ च्या रात्री सँ-जेराँ नावाचं फ्रेंच जहाज बेटाच्या ईशान्येला प्रवाळाच्या कड्यावर आदळून फुटलं. जहाजावर साखर कारखान्याची यंत्रसामग्री होती. जेमतेम नऊ जण वाचले. ऑगस्ट महिना, म्हणजे वादळाचा काळच नव्हे. चुकलं ते जहाज हाकारण्यात. पुढे बर्नार्दँ द सँ-पिएर या लेखकाने १७८८ मध्ये ‘पॉल आणि व्हर्जिनी’ ही कादंबरी लिहिली, ती युरोपभर गाजली. त्यात हेच जहाज बुडतं, पण लेखकाने ती घटना डिसेंबरअखेरच्या भीषण वादळात नेऊन ठेवली. कथेला ते शोभलं. पण त्यामुळे लोकांच्या मनात अपघात आणि वादळ यांची गाठ पक्की बसली. चांगला ऋतू म्हणजे सुरक्षित प्रवास असं समीकरण इतिहासात नाही. चांगल्या ऋतूतही समुद्र जागं राहायला लावतो.

सेनापतींचंही तेच. १८१० च्या ऑगस्टमध्ये ग्रँड पोर्टच्या लढाईत इंग्रजांच्या आरमाराला फ्रेंचांनी चांगलाच मार दिला. इंग्रजांना पुन्हा यायचं होतं, आणि मोठ्या फौजेनिशी. मुंबई, मद्रास, बंगाल आणि केप अशा चार दिशांनी फौजा रॉड्रिग्ज बेटाजवळ जमायच्या होत्या. दिवस पुढे सरकत होते आणि उन्हाळा तोंडावर आला होता. शेवटी २९ नोव्हेंबरला फौज बेटाच्या उत्तर टोकाला उतरली आणि ३ डिसेंबरला फ्रेंचांनी शरणागती पत्करली. आणखी दीड-दोन महिने गेले असते तर एवढं आरमार ऐन वादळांच्या दिवसांत किनाऱ्याजवळ उभं राहिलं असतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. एक तारीख लक्षात ठेवा, २९ एप्रिल. २९ एप्रिल १८३६ रोजी सकाळी ‘बीगल’ जहाज मॉरिशसच्या उत्तर टोकाला वळसा घालून पोर्ट लुईला आलं. जहाजावर तरुण चार्ल्स डार्विन होता. तो ९ मेपर्यंत इथे राहिला, डोंगर चढला, प्रवाळ पाहिले, आणि बेटाच्या सौंदर्यावर खूश होऊन गेला. उन्हाळा सरलेला, हिरवळ ताजी, हवा निवळलेली. आजचा कोणताही वाटाड्या सांगेल, उत्तम वेळ निवडलीत!

त्यानंतर छप्पन्न वर्षांनी, २९ एप्रिल १८९२. तीच तारीख, तेच बंदर. लोकांच्या हिशोबाने वादळांचा हंगाम संपला होता. आणि त्या दिवशी बेटाच्या इतिहासातलं सर्वांत भयंकर वादळ आलं. दुपारी वादळाचा मध्य बेटावरून गेला. वारा पडला, लोकांना वाटलं सुटलो. मग उलट दिशेने वारा आला आणि खरा विध्वंस त्याने केला. पोर्ट लुईचा मोठा भाग जमीनदोस्त झाला, बेटावर बाराशेहून अधिक माणसं दगावली.

आणि हे घडलं कुठे? जिथे वादळांचा अभ्यास जगात सर्वांत नेटाने चालू होता, तिथे! चार्ल्स मेल्ड्रम नावाचा स्कॉटिश माणूस. १८४६ मध्ये तो आपल्या मुंबईत शिक्षण खात्यात नोकरीला आला आणि दोन वर्षांनी मॉरिशसच्या रॉयल कॉलेजात गणित शिकवायला गेला. १८५१ मध्ये तिथे हवामानशास्त्राची संस्था निघाली, त्यात त्याचा पुढाकार होता. बंदरात येणाऱ्या जहाजांच्या नोंदवह्या मागवायच्या, कुठे कोणता वारा लागला, पारा किती उतरला, हे टिपायचं, आणि त्यावरून वादळाची चाल मांडायची, असं काम त्याने अनेक दशकं केलं. १८९२ साली तो तिथेच वेधशाळेचा प्रमुख होता. तरी बेट गाफील सापडलं. याचा अर्थ नोंदी खोट्या होत्या असा नाही. नोंदी सांगतात काय घडत आलं आहे. पुढे काय घडणारच नाही, हे त्या सांगू शकत नाहीत. हंगाम हा शब्द आपण वापरतो तो सरासरीला. वादळाला ती सरासरी ठाऊक नसते.

आणि किंमत कोण चुकवतं? २ नोव्हेंबर १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर इथे उसाच्या मळ्यांवर येऊ लागले. पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. ती जिथे उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकण-साताऱ्याकडची माणसंही होती. कधी जावे, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही. त्यांचं वर्ष उसावर चाले: जून-जुलैपासून वर्षअखेरीपर्यंत तोडणी, मग वादळांचे महिने, गवताच्या छपराखाली. १९६० मध्ये जानेवारीत ‘अ‍ॅलिक्स’ आणि फेब्रुवारीअखेर ‘कॅरोल’ अशी दोन वादळं पाठोपाठ आली, तेव्हा हजारो घरं गेली आणि त्या वर्षीचं साखरेचं उत्पादन निम्म्याखाली आलं. त्यानंतर काँक्रीटच्या घरांची लाट आली. आज तिथे जी साधी, सपाट छपरांची घरं दिसतात, ती पाहून नाक मुरडू नका. ती कॅरोलची आठवण आहे.

या माणसांनी आपलं पंचांग मात्र सोबत नेलं. मौज बघा, आपल्याकडे गणपती पावसात येतात, तिथे हिवाळ्याच्या अखेरीस, कोरड्या हवेत. मराठी घरांतल्या मूर्ती समुद्रात नाहीतर नदीत विसर्जित होतात, आणि त्या दिवशी देशाला सुट्टी असते. उलट महाशिवरात्रीला लाखो लोक कावड घेऊन गंगा तलावाकडे चालत निघतात, तेव्हा असतो फेब्रुवारी-मार्च, म्हणजे ऐन वादळाचे दिवस. हवामान खात्याच्या सूचनेकडे कान लावूनच ती वाट चालली जाते.

मग मूळ प्रश्न. कधी जावे? नुसतं फिरायचं असेल तर मे-जून किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये पूर्व किनाऱ्यावर वारा फार, तेव्हा पश्चिमेला उतरा. क्युरपीपच्या पठारावर कधीही गेलात तरी छत्री असू द्या. नाताळच्या सुट्टीत गर्दी आणि दर दोन्ही चढतात, कारण युरोपला थंडीतून पळायचं असतं, आणि नेमका तोच वादळांचा काळ सुरू होत असतो. जानेवारी ते मार्चमध्ये जाणारच असाल तर परतीच्या तिकिटाला एक-दोन दिवसांची सैल ठेवा आणि वादळाचा इशारा लागला की समुद्रकिनारा विसरा. वारा मध्येच पडला तर बाहेर धावू नका. १८९२ ने हेच शिकवलं आहे.

आणि मराठी माणसाने एकदा तरी भाद्रपदात जावं. हवा चांगली असतेच, पण दीडशे वर्षांपूर्वी निघून गेलेल्या आपल्याच माणसांची आरती तिथे ऐकायला मिळते.