देशमुख, गणपतराव
देशमुख, गणपतराव : (१० ऑगस्ट १९२६–३० जुलै २०२१). महाराष्ट्रातील शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते व संसदपटू. ‘आबासाहेब’ या नावाने ते परिचित होते. सोलापूर जिल्ह्यातील सांगोले मतदारसंघातून ते अकरा वेळा महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले. त्यांचा जन्म याच जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यात पेनूर येथे झाला. पुणे येथे कायद्याचे शिक्षण घेत असताना ते शेतकरी कामगार पक्षाच्या विचारांकडे आकृष्ट झाले. पुढे त्यांनी सांगोले ही आपली कर्मभूमी मानली.

केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींच्या पुढाकाराने १९४७ मध्ये काँग्रेसअंतर्गत गट म्हणून स्थापन झालेला हा पक्ष लवकरच स्वतंत्र झाला. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने त्याने मार्क्सवादी भूमिका स्वीकारली. जेधे व मोरे कालांतराने काँग्रेसमध्ये परतले. देशमुख मात्र अखेरपर्यंत पक्षातच राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या निर्मितीनंतर १९६२ मध्ये झालेल्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. शेतकरी कामगार पक्षाच्या वाट्यास १५ आल्या. त्या पंधरांत सांगोल्याची जागा होती.

सोलापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस असलेला हा तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. भीमेची उपनदी माण येथून वाहते; पण ती वर्षाचा बराच काळ कोरडी असते. कोरडवाहू शेती, मेंढपाळी व खिलार जनावरांची पैदास ही येथील उपजीविकेची जुनी साधने. जिल्ह्याच्या अन्य भागांत कालव्यांच्या पाण्यावर ऊस व सहकारी साखर कारखाने वाढले आणि त्यांतून काँग्रेसचे प्रबळ नेतृत्व उदयास आले. सांगोल्यात हा आधार नव्हता. त्यामुळे येथील राजकारण पाणी, चारा व रोजगार या प्रश्नांभोवती फिरत राहिले. देशमुखांच्या दीर्घ कारकीर्दीचे मर्म याच परिस्थितीत आहे.

१९६७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. १९७२ मध्ये पराभूत झाले. मात्र १९७४ च्या पोटनिवडणुकीत त्यांनी जागा परत मिळविली. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ व १९९० या निवडणुकांत ते सलग विजयी झाले. १९९५ मध्ये काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी त्यांचा केवळ १९२ मतांनी पराभव केला. १९९९, २००४, २००९ व २०१४ मध्ये त्यांना पुन्हा यश मिळाले. अशा रीतीने सु. ५१ वर्षे ते सभागृहाचे सदस्य होते. तमिळनाडूचे एम्. करुणानिधी तेरा वेळा विधानसभेवर निवडून आले; परंतु ते निरनिराळ्या मतदारसंघांतून. केरळचे के. एम्. मणी यांनी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा विजय मिळविले. भारतातील दीर्घकालीन आमदारांच्या या मालिकेत देशमुखांचे स्थान वरचे आहे.

यांपैकी बहुतेक काळ ते विरोधी बाकांवर होते. १९७७-७८ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७८ मध्ये शरद पवार यांच्या नेतृत्वाखालील पुरोगामी लोकशाही दलाच्या आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात त्यांनी मंत्री म्हणून काम केले. हा दोन्ही वेळचा सत्तासहभाग अल्पकाळाचा ठरला. पहिले मंत्रिमंडळ फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले. दुसऱ्यातून पक्ष २००२ मध्ये बाहेर पडला.

पाण्याचे समन्यायी वाटप हा त्यांच्या कार्याचा गाभा होय. कृष्णा पाणी तंट्यात बच्छावत लवादाने महाराष्ट्रास ५६० अब्ज घनफूट पाणी दिले होते. तथापि त्यातील वाटा अवर्षणप्रवण तालुक्यांपर्यंत पोहोचत नव्हता. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडी येथे सातारा, सांगली व सोलापूर जिल्ह्यांतील तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. देशमुख या चळवळीचे एक प्रमुख नेते होते. कराड तालुक्यातील टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने पूर्वेकडे नेणाऱ्या उपसा सिंचन योजनेस या चळवळीमुळे बळ मिळाले. निधी व वीजदेयके यांच्या अडचणींमुळे योजनेचे काम मात्र दीर्घकाळ रेंगाळले. जे पाणी त्यांनी ऐन उमेदीत मागितले, ते तालुक्याच्या शिवारात येऊ लागले तेव्हा ते वृद्ध झाले होते.

दरम्यान पर्यायी साधनांवर त्यांचा भर राहिला. रोजगार हमी योजनेशी १९९० मध्ये फळबाग लागवड जोडली गेली. तिचा लाभ घेऊन सांगोल्यात डाळिंब व बोर यांच्या बागा वाढल्या. पुढे डाळिंबावरील तेल्या रोगाने या बागांचे मोठे नुकसान केले. सांगोले येथील शेतकरी सहकारी सूतगिरणी ही त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तालुक्यात कापूस पिकत नसताना आणि राज्यातील अनेक सहकारी सूतगिरण्या बंद पडत असताना तिचा कारभार नेटका राहिला.

राहणीतील साधेपणा व एस्. टी. बसने केलेला प्रवास यांमुळे लोकांच्या मनात त्यांच्याविषयी आदर होता. तथापि व्यक्तिगत विश्वासाचे हे भांडवल पक्षाच्या कामी फारसे आले नाही. १९६७ मध्ये १९ जागा मिळविणाऱ्या पक्षाचे २००४ मध्ये दोन व २०१४ मध्ये तीनच आमदार उरले. औद्योगिक कामगारांचे विखुरणे, सहकारातून काँग्रेसकडे वळलेला सधन शेतकरी आणि पुढे प्रबळ झालेले अस्मितांचे राजकारण ही त्यामागील काही कारणे. सांगोल्याचा बालेकिल्ला टिकला, तो पक्षाच्या लाटेमुळे नव्हे. आमदाराच्या नित्याच्या संपर्कामुळे टिकला. याच कारणाने वारसाचा प्रश्न अवघड बनला. वार्धक्यामुळे त्यांनी २०१९ ची निवडणूक लढविली नाही. पक्षाचे उमेदवार असलेले त्यांचे नातू अनिकेत देशमुख अल्प मतांनी पराभूत झाले. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी ही जागा पक्षाकडे परत आणली.

सोलापूर येथे गणपतरावांचे निधन झाले. सत्तेबाहेर राहूनही आमदारकीचा उपयोग एका कोरड्या तालुक्याचा प्रश्न राज्यापुढे सातत्याने मांडण्यासाठी करता येतो, हे त्यांच्या कारकीर्दीने दाखविले. त्या प्रश्नाच्या सोडवणुकीस लागलेला काळ ही तिची मर्यादा. पण ती एकट्या आमदाराची नव्हे, राज्याच्या जलनीतीचीही मर्यादा होय.