लेबर इझन्ट वर्किंग : तीन शब्द आणि एक निवडणूक

आजच्या भागात एका जाहिरातीचा इतिहास बघू या. जाहिरात ब्रिटनमधली, 1978 सालची. शब्द तीनच : 'लेबर इझन्ट वर्किंग'.

मी इंग्रजी शिकवते. ही ओळ फळ्यावर लिहिली की वर्गात कुणीच अडत नाही. लेबर म्हणजे मजूर, वर्किंग म्हणजे काम करणं. 'मजूर काम करत नाहीत' असा अर्थ सगळे सांगतात आणि मग विचारतात, "मॅडम, यात गंमत काय?" शब्द तर सगळे ओळखीचे आहेत. अडतंय ते त्या काळाची ओळख नाही म्हणून.

तेव्हा ब्रिटनमध्ये लेबर पार्टीचं सरकार होतं. आपली मराठी वर्तमानपत्रं तिला 'मजूर पक्ष' म्हणत आली आहेत. पंतप्रधान होते जेम्स कॅलहॅन. बेकारांचा आकडा 15 लाखांच्या आसपास होता. विरोधात होता हुजूर पक्ष, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह, आणि त्याच्या नेत्या मार्गारेट थॅचर. निवडणूक लवकरच लागेल असा अंदाज होता. हुजूर पक्षाने प्रचाराचं काम साची अँड साची या जाहिरात कंपनीकडे सोपवलं होतं. तिने हे पोस्टर केलं. चित्रात बेकारांच्या कचेरीबाहेर लागलेली लांबच लांब, नागमोडी रांग, आणि वर हे तीन शब्द.

आता अर्थ मोजू या. 'लेबर' म्हणजे मजूर आणि 'लेबर' म्हणजे सत्ताधारी पक्षही. 'वर्किंग' म्हणजे कामावर असणं आणि 'वर्किंग' म्हणजे नीट चालणंही. म्हणून एकाच ओळीत दोन वाक्यं आहेत : मजुरांना काम नाही, आणि मजूर पक्ष कामाचा नाही.

एक बारकावा सांगते. एरवी इंग्रजीत पक्षाच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं लिहितात, त्यामुळे पक्ष कोणता आणि साधे श्रम कोणते ते डोळ्यांना कळतं. पोस्टरवर मात्र सगळीच अक्षरं मोठी होती, त्यामुळे तो फरक पुसला गेला. आपल्या देवनागरीत लहानमोठी अक्षरंच नाहीत, म्हणून ही युक्ती आपल्या चटकन लक्षात येत नाही.

मराठीत हा श्लेष एका वाक्यात बसवायला जा. 'कामावर नाही' आणि 'कामाचा नाही' असे दोन प्रत्यय लागतात. दोन प्रत्यय आले की दोन दावे वेगळे दिसतात, आणि मग माणूस विचारतो : पहिल्यावरून दुसरं सिद्ध होतं का? बेकारी आहे हे खरं, पण ती याच सरकारमुळे आहे का? दुसरा पक्ष ती कमी करेल का? इंग्रजी ओळ हे प्रश्न पडूच देत नाही. कोटी समजल्याच्या आनंदात आपण दावाही मान्य करून टाकतो. श्लेषाची खरी ताकद इथे आहे.

त्या रांगेचीही गोष्ट ऐका. त्यात खरे बेकार नव्हते. लंडनच्या हेंडन भागातले हुजूर पक्षाचे कार्यकर्ते होते, तेही थोडेच. त्यांचेच फोटो पुन्हा पुन्हा काढून रांग लांबवली होती. अर्थमंत्री डेनिस हीली यांनी संसदेत यावर टीका केली. त्या टीकेमुळे पोस्टरची बातमी झाली आणि ज्यांनी ते रस्त्यावर पाहिलं नव्हतं त्यांच्यापर्यंतही ते पोचलं.

कॅलहॅन यांनी निवडणूक पुढे ढकलली. हिवाळा संपांत गेला. 28 मार्च 1979 रोजी सरकार अविश्वास ठरावावर 311 विरुद्ध 310 अशा एका मताने पडलं. 3 मेच्या निवडणुकीत थॅचर जिंकल्या. हे सगळं एका पोस्टरने घडवलं असं कुणी म्हणू नये. संप, महागाई यांचा वाटा मोठा होता. पण पुढचा आकडा लक्षात ठेवा : 1982 च्या सुरुवातीला, थॅचर यांच्याच काळात, बेकारांची संख्या 30 लाखांवर गेली होती.

2011 साली अमेरिकेत मिट रॉम्नी यांच्या प्रचारात 'ओबामा इझन्ट वर्किंग' अशी नक्कल झाली. पण ओबामा हे माणसाचं नाव आहे, त्यात मजूर लपलेला नाही. अर्धा श्लेष तिथेच गळाला.

मंडळी, तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला किंवा हैदराबादला, इंग्रजी घोषणा तुमच्याही रस्त्यावर असतातच. एखादी कळली नाही तर स्वतःला कमी समजू नका. तिचे दोन्ही अर्थ मराठीत दोन वेगळ्या वाक्यांत लिहून काढा. मग मधला 'म्हणून' कुणी आणि कशाच्या जोरावर घातला, ते विचारा. भाषांतराचा हा सराव मतदानाच्या दिवशीही उपयोगी पडतो.