एकच तिकीट

तिकीटखिडकीतला मुलगा विचारतो, "किती जण?" मी म्हणते, "एक." तो मान वाकडी करून माझ्या मागे बघतो. तिथे कुणीच नसतं. मग त्याची नजर माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर पडते आणि त्याचा चेहरा निवळतो. "पेपरातून आलात का मॅडम?" पूर्वी मी नाही म्हणायचे, हल्ली नुसती हसते. पन्नाशीच्या बाईने एकटीने थीम पार्कात यायचं म्हणजे काहीतरी कारण हवं, आणि ते कारण कॅमेरा परस्पर पुरवतो. जत्रेलाही आपली माणसं घोळक्यानेच जातात. पाळण्यात एकट्याने बसलेला माणूस दिसला की बघणाऱ्यालाच वाईट वाटतं.

मला हे कारण आज फुकट मिळतं. एके काळी त्याला रोख पैसे पडत होते.

१८९३ साली शिकागोला जे जागतिक प्रदर्शन भरलं, त्याचं प्रवेशशुल्क होतं ५० सेंट. हातात कॅमेरा असेल तर मात्र दिवसाला आणखी दोन डॉलर मोजावे लागत. म्हणजे माणसाच्या चौपट भाडं त्याच्या डबीला! तिकाटणं आणायला तर बंदीच होती. चार्ल्स डडली अर्नोल्ड हा प्रदर्शनाचा अधिकृत छायाचित्रकार, आणि चित्रं विकायची ती त्यानेच अशी एकूण व्यवस्था. अडचण अशी की पाचच वर्षांपूर्वी, १८८८ साली, जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा बाजारात आणला होता. आत शंभर चित्रांचं रीळ भरूनच तो मिळे. फोटो काढायला आता ना काळोखी खोली लागत होती, ना मदतनीस. कुणीही एकटा माणूस डबी काखेत मारून निघू शकत होता. दोन डॉलरचा दंडक आला तो या माणसाला थोपवायला.

अर्नोल्डच्या मोठ्या काचांवर शुभ्र महाल उमटले. हौशी लोकांच्या चित्रांत क्षितिज तिरकं आहे, कुणाची तरी टोपी मध्येच आली आहे, पाठमोऱ्या बायका आहेत. मला ही चित्रं जास्त आवडतात, कारण ती काढणारा गर्दीत उभा होता हे त्यांतून कळतं. प्रदर्शनाच्या कडेला 'मिडवे प्लेझन्स' नावाचा करमणुकीचा लांब पट्टा होता आणि तिथेच फेरिससाहेबाचं पहिलं अजस्र चक्र उभं राहिलं. उंची २६४ फूट, ३६ डबे, एकेका डब्यात साठ माणसं. आपण आज ज्याला जायंट व्हील म्हणतो त्याचं हे मूळ.

हे चक्र बघायला जॉर्ज टिल्यू नावाचा एक तरुण मधुचंद्राला आला होता. (मधुचंद्रात यंत्राच्या प्रेमात पडणारा नवरा, बायकोचं मत इतिहासाने नोंदवलेलं दिसत नाही.) चक्र विकत घ्यायचा त्याचा प्रयत्न फसला. मग न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला परतून त्याने निम्म्याहून लहान चक्र मागवलं आणि जगातलं सर्वांत मोठं चक्र इथे उभं राहणार अशी पाटी ठोकून दिली. १८९७ साली त्याने आपलं 'स्टीपलचेस पार्क' कुंपण घालून सुरू केलं. पुढे १९०३ मध्ये शेजारी 'लूना पार्क' आलं, १९०४ मध्ये 'ड्रीमलँड'.

टिल्यूची खेळणी नीट पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. ती सगळी माणसांना एकमेकांवर पाडायला बनवलेली होती. फिरतं पिंप, फिरती तबकडी, दोघांनी एकत्र बसायचे लाकडी घोडे. अनोळखी स्त्रीपुरुषांमधलं हातभर अंतर मोडायचं, त्याचेच तो पैसे घेई. पण बाहेर पडायच्या वाटेवर त्याने एक छोटं नाटकगृहही बांधलं होतं. तिथे जमिनीतून वाऱ्याचा झोत येई, टोप्या उडत, झगे उडत आणि समोर बसलेले लोक हसत. हे हसणारे लोक कोण, तर नुकतेच त्याच झोतातून गेलेले. म्हणजे नुसतं बसून दुसऱ्याला बघणं हाही करमणुकीचा भाग आहे, हे टिल्यूला बरोबर कळलं होतं. कॅमेरा घेऊन येणाऱ्या एकट्याची जागा त्या बाकांवर आधीच राखून ठेवलेली होती म्हणायची.

१९२०च्या सुमाराला भुयारी रेल्वे कोनी आयलंडपर्यंत पोचली, तिकीट पाच सेंट. आता एकटं जाणं परवडू लागलं. १९२८च्या सुमाराला पंचविशीतला वॉकर इव्हान्स छोटा कॅमेरा घेऊन तिथे फिरत होता. त्याने टिपलेलं एक जोडपं पाठमोरं आहे. त्यांचं लक्ष पुढच्या गमतीकडे, त्याचं त्यांच्याकडे. लिऑन लेव्हिनस्टाइन तर जवळजवळ आयुष्यभर असाच हिंडला. दिवसा जाहिरातींच्या मांडणीचं काम करायचं, सुटीच्या दिवशी रस्ते आणि कोनी आयलंड. लग्न केलं नाही, फारशी मैत्री नाही, नावाचा गाजावाजा नाही. पण त्याची चित्रं इतक्या जवळून काढलेली आहेत की माणसांच्या अंगावरची वाळू मोजावी. त्याला एकाकी म्हणायची समीक्षकांना घाई असते. इतकं जवळ जाणारा माणूस दुःखी होता असं त्या चित्रांवरून तरी मला वाटत नाही.

याच जागेवर १९५३ साली 'लिटल फ्युजिटिव्ह' हा चित्रपट आला. सात वर्षांचा जोई घाबरून घरातून पळतो आणि कोनी आयलंडला एकटाच पोचतो. पैसे संपले की रिकाम्या बाटल्या गोळा करून अनामतीचे सुटे मिळवतो आणि पुन्हा तट्टावर बसतो. मॉरिस एंगेल आणि रूथ ऑर्किन हे चित्रपट करणारं जोडपं मुळात छायाचित्रकार. एंगेलने अंगाशी बांधता येईल असा लहान कॅमेरा मुद्दाम बनवून घेतला होता, त्यामुळे गर्दीला चित्रीकरण चाललंय याचा पत्ताच लागला नाही. पळून आलेलं पोर दिवसभर मजेत राहतं, ही गोष्ट मोठ्यांना अजून पचत नाही.

दोनच वर्षांनी, १७ जुलै १९५५ ला, डिस्नेलँड उघडलं. वॉल्ट डिस्नेने त्याची जन्मकथा अनेकदा सांगितली आहे: मुली मेरी-गो-राउंडवर, आणि आपण बाकावर एकटेच शेंगदाणे खात बसलेलो. आईबापांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी जागा हवी, असं त्याला तिथे वाटलं. त्या बाकावरचा एकटेपणा त्याला दोष वाटला आणि तो दूर करायला त्याने अख्खं गाव वसवलं. कोडॅकचं दुकान तिथे पहिल्यापासून होतं. पुढे तर फोटो कुठून काढायचा हे सांगणाऱ्या पाट्याही लागल्या. शिकागोत ज्याच्यावर कर होता, त्याचीच आता सोय झाली. अट एवढीच की चौकटीत आपलं कुटुंब हवं.

१९६२ मध्ये डायान आर्बसने तिथला किल्ला टिपला तो रात्रीचा. दिवे आहेत, पाण्यात हंस आहे, माणूस एकही नाही. त्या चित्रासमोर मी दर वेळी थबकते. सगळ्यांसाठी बांधलेली जागा अखेर एका बाईला तिच्यापुरती मिळाली.

आपल्याकडे दिल्लीचं अप्पूघर १९८४ मध्ये आलं, मुंबईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये. दोन्ही आता बंद आहेत. गोराईच्या खाडीतून बोटीने एस्सेलवर्ल्डला जाणाऱ्या शाळांच्या सहली कितीतरी घरांतल्या अल्बमांत आहेत, एकट्याचं चित्र क्वचितच. अमेरिकेतल्या मोठ्या पार्कांत आता एकट्यांसाठी वेगळी रांग असते. दोन माणसांमध्ये एखादी खुर्ची रिकामी राहिली की तिथे त्याला बसवतात, त्यामुळे एकट्याचा नंबर बहुधा लवकर लागतो. आणि हो, २०१५ साली डिस्नेच्या पार्कांनी सेल्फीची काठी बंद केली. तिकाटण्याची खोड १२२ वर्षांनी पुन्हा मोडली गेली.

मागच्या खेपेला पावसाची भुरभूर होती. गर्दी नव्हती. जायंट व्हीलवाल्या माणसाने मला एकटीलाच पाळण्यात बसवलं, दांडी लावली आणि माझा कॅमेरा बघून म्हणाला, "मावशी, तुमचाच एक काढून देऊ का?" मी पट्टा मनगटातून सोडवून कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्याने दोन पावलं मागे जाऊन बटण दाबलं. क्षितिज तिरकं आलंय, वरच्या पाळण्यातून लोंबणारा कुणाचा तरी पाय मध्येच आलाय, आणि खाली मी हसते आहे.