नाव एक, उत्तरे दोन : युनिक्समधील नावशोधक कमांडचा इतिहास

युनिक्स संगणकावर एखाद्या नावावरून आयपी पत्ता काढण्यासाठी एनएसलुकअप, होस्ट, डिग आणि गेटएंट या कमांड वापरल्या जातात. एकाच यंत्रावर चौघींना एकच नाव विचारले, तरी उत्तर एकच येईल याची खात्री नसते. सोलारिस या युनिक्सवर जडलेली सवय एचपीच्या एचपी-यूएक्सवर किंवा मॅकवर नेली, तर फसगत ठरलेली. या गोंधळाचे मूळ शोधायचे, तर या कमांड कशासाठी लिहिल्या गेल्या ते पाहावे लागते.

सुरुवातीला शोधण्यासारखे फारसे नव्हतेच. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरील सगळ्या यंत्रांची नावे एकाच फाइलीत मावत. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती यादी सांभाळत असे आणि बाकीचे संगणक तिची प्रत उतरवून घेत. युनिक्सच्या इटीसी डिरेक्टरीतील होस्ट्स फाइल ही त्याच वळणाची. तिच्यातले नाव काढायला ग्रेप ही मजकूर शोधणारी कमांड पुरे. जाळे वाढले तशी एका यादीने सगळ्यांची सोय होईना. १९८३मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस या नावशोधाच्या नव्या पद्धतीचा आराखडा मांडला आणि नावे अनेक सर्व्हरांवर विखुरली गेली. जुनी होस्ट्स फाइल मात्र कुणी काढून टाकली नाही. तेव्हापासून प्रत्येक यंत्रावर नाव कळण्याच्या किमान दोन वाटा आहेत.

बर्कली विद्यापीठात १९८४च्या सुमारास काही पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी युनिक्ससाठी ‘बाइंड’ हा नावसर्व्हर लिहिला. सर्व्हर बरोबर उत्तर देतो का, हे तपासायला साधन हवे होते. तेथेच अँड्र्यू चेरेन्सन यांची एनएसलुकअप तयार झाली. ती सी लायब्ररीतील गेटहोस्टबायनेम या नेहमीच्या फंक्शनला विचारत नाही. प्रश्नाचे पाकीट स्वतः बांधते आणि सर्व्हरच्या दारात नेऊन टाकते. परीक्षकाला मध्यस्थ नको असतो, म्हणून हे योग्यच होते. पुढे सामान्य प्रशासक तिला टेलिफोन डिरेक्टरीसारखी वापरू लागले, आणि होस्ट्स फाइलीतली नोंद तिला दिसत नाही म्हणून बुचकळ्यात पडले.

जुन्या एनएसलुकअपची आणखी एक खोड प्रसिद्ध होती. काम सुरू करण्याआधी ती ज्या सर्व्हरला विचारणार त्याच्याच पत्त्यावरून त्याचे नाव शोधू पाही. ती उलटी नोंद कुणी केलेली नसली, की सर्व्हर ठणठणीत असतानाही ‘नेहमीचे सर्व्हर उपलब्ध नाहीत’ अशी तक्रार करून ती थांबे. पाहुण्याने यजमानाच्या घरावर पाटी नाही म्हणून दारातूनच परत फिरावे, तसला हा प्रकार.

डिग ही कमांड स्टीव्ह हॉट्झ आणि मॉकापेट्रिस यांच्या परंपरेतली. तिच्या उत्तरातल्या अर्धविरामांनी सुरू होणाऱ्या ओळी नवख्याला विचित्र वाटतात. नावसर्व्हर ज्या फाइलीत नोंदी ठेवतो, त्या झोन फाइलीत अर्धविराम म्हणजे टिप्पणी. डिगचे उत्तर त्याच मांडणीत येते, म्हणून ते जवळजवळ जसेच्या तसे फाइलीत चिकटवता येते. होस्ट मुळात रटगर्स विद्यापीठातील चार्ल्स हेड्रिक यांची. पुढे नेदरलँड्समधील एरिक वासेनार यांनी ती वाढवली. तिचे उत्तर साध्या वाक्यात येते. एक फरक रोज नडतो: नावसर्व्हरांचे पत्ते सांगणाऱ्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलीत ‘सर्च’ ओळ असेल, तर होस्ट आणि एनएसलुकअप अर्धवट नावाला शेपूट जोडून पाहतात, डिग आपणहून तसे करत नाही.

दुसरीकडे खुद्द यंत्राची नाव शोधण्याची रीतही गुंतागुंतीची झाली. सन कंपनीने १९८०च्या दशकात ‘यलो पेजेस’ ही जाळ्यातील यंत्रांना सामायिक याद्या पुरवणारी पद्धत आणली. ते नाव ब्रिटनमध्ये ब्रिटिश टेलिकॉमचा ट्रेडमार्क निघाल्याने पद्धतीचे नाव एनआयएस झाले, पण वायपीकॅट, वायपीमॅच या कमांडमधले ‘वायपी’ तसेच राहिले. फाइल, एनआयएस की डीएनएस, आधी कुणाला विचारायचे, हे सनच्या सोलारिसमध्ये एनएसस्विच डॉट कॉन्फ ही फाइल ठरवू लागली. गेटएंट याच क्रमाने विचारते. एआयएक्स या दुसऱ्या युनिक्सने तेच काम नेटएसव्हीसी डॉट कॉन्फकडे दिले. एचपीने तर स्वतःची एनएसलुकअपच बदलली: एचपी-यूएक्सवर ती एनएसस्विच डॉट कॉन्फमधला क्रम पाळते आणि होस्ट्स फाइलीतूनही उत्तर देते. एआयएक्सची होस्टही होस्ट्स फाइल पाहते. नावे तीच, पण स्वभाव उलटा. विक्रेत्यांच्या या बदलांमागचा हेतू चांगला होता, परिणाम मात्र त्रासदायक झाला.

बाइंडच्या नवव्या आवृत्तीत, २०००मध्ये, एनएसलुकअप कालबाह्य असल्याची सूचना दर वेळी पडद्यावर येऊ लागली; डिग किंवा होस्ट वापरा, असा तिचा आग्रह. बोटांना जडलेली सवय कुणी सोडली नाही, आणि पुढे सूचनाच मागे घेतली गेली.

पुढच्या काळात फाटे वाढले. फ्रीबीएसडीने २०१४च्या दहाव्या आवृत्तीत मूळ संचातून बाइंड काढले. डिगच्या जागी एनएलनेट लॅब्सची ‘ड्रिल’ आली, म्हणजे खणण्याऐवजी भोक पाडणे. मॅकवर एनएसलुकअपच्या माहितीपानातच इशारा आहे, की इतर प्रोग्रॅम ज्या मार्गाने नावे शोधतात तो ही कमांड वापरत नाही. तेथे डीएसकॅशयुटिल ही कमांड वापरावी. सिस्टमडी ही सेवा-व्यवस्था असलेल्या अनेक लिनक्सवर रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये १२७.०.०.५३ हा यंत्राचाच पत्ता दिसतो; खरे सर्व्हर पाहायला रिझॉल्व्हसीटीएल ही कमांड लागते. छोट्या यंत्रांसाठीच्या बिझीबॉक्स या कमांडसंचातली जुनी एनएसलुकअप तर सी लायब्ररीलाच विचारत असे.

देवनागरी नावांतही असाच फरक पडतो. २०१४पासून मराठी भाषकांनाही ‘.भारत’ने संपणारे देवनागरी नाव घेता येते. डीएनएसमध्ये ते साठते रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात. आयडीएन लायब्ररी जोडलेली अलीकडची डिग देवनागरी नाव थेट स्वीकारते. पण उत्तर पडद्याऐवजी फाइलीत वळवले, की हे रूपांतर आपोआप बंद होते.